ऑफेन्सिव्ह लाइनमनला मराठीत काय म्हणावं?

क्लीव्हलँडजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या जो थॉमस या अमेरिकन फुटबॉलपटूच्या कारकिर्दीवर लेख लिहीत आहेत. पहिलं वाक्य लिहून झालं, 'जो थॉमस हा क्लीव्हलँड ब्राउन्सचा आक्रमक लाइनमन होता', आणि त्यांनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "खांबावर चढतो तो का? आणि आक्रमक कशाने झाला?" तर या खेळाडूला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

ताई, सासूबाईंनी दोन्ही दुखऱ्या जागांवर बोट ठेवलंय. आपल्याकडे लाइनमन म्हणजे वादळात वीज गेली की ज्याची वाट बघायची तो. महावितरणने त्याला 'जनमित्र' असं सुंदर नाव दिलंय, तरी गावात हाक 'लाइनमन' म्हणूनच मारतात. हा अर्थ इतका पक्का रुजलाय की दुसरा त्यावर बसत नाही. म्हणून लाइनमन हा शब्द मराठी लेखात सुटा ठेवू नये, असं माझं मत आहे.

पण खरी अडचण 'आक्रमक'ची आहे. आक्रमक हे मराठीत स्वभावाचं विशेषण आहे. आक्रमक फलंदाज म्हटलं की फटके मारणारा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉलमधला ऑफेन्स मात्र स्वभाव सांगत नाही, पाळी सांगतो. चेंडू ज्या संघाकडे, तो ऑफेन्स. त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. पाळीचा हा अर्थ आपल्याकडे एका शब्दात अगदी तयार आहे: कबड्डीतली 'चढाई'. चढाई आज तुमची, थोड्या वेळाने त्यांची. तेव्हा ऑफेन्सला 'चढाईची बाजू' म्हणावं, आक्रमण नको.

आता या चढाईच्या बाजूच्या अकरांपैकी पुढे ओळीत उभे राहणारे पाच गडी बघा, तेच ऑफेन्सिव्ह लाइनमन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या गड्याकडे देतो, तोच स्नॅप. प्रत्येक प्रयत्न तिथून सुरू होतो. तेवढं सोडलं तर हे पाच जण सहसा चेंडूला हातही लावत नाहीत. पुढच्या तीन-चार सेकंदांत त्यांनी करायचं एकच: समोरून धावून येणाऱ्यांना क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही. चढाईच्या बाजूला उभे राहून ते काम राखणीचं करतात. आणि 'बचावफळी' म्हणायचीही सोय नाही, कारण बचाव ही समोरच्या संघाची बाजू झाली.

टॅकल हे नाव तर आणखी चकवणारं. टॅकल करणं म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, आणि चढाईच्या बाजूचा टॅकल ते करत नाही. पूर्वी तेच अकरा गडी दोन्ही पाळ्या खेळत. १९६० साली विजेतेपद मिळवणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक चढाईला सेंटर आणि बचावाला लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा) असा दोन्हीकडे उभा राहायचा. पुढे बाजू वेगळ्या झाल्या, जागांची जुनी नावं मात्र टिकली. म्हणून टॅकल हे जागेचं नाव समजून तसंच ठेवा. भाषांतर केलंत तर अर्थ उलटा होईल.

मग ब्लॉक करण्याला क्रियापद कोणतं? 'अडवणं' चालेल, पण 'थोपवणं' नेमकं. डाव्या टॅकलकडे नीट बघा. स्नॅप होताच तो कंबर खाली ठेवून तिरका मागे सरकतो, कोपरं अंगाजवळ, तळवे उघडे, आणि समोरचा अंगावर आला की त्याच्या छातीवर तळवे टेकवून त्याला थोपवतो. बाजूने निसटणाऱ्याला धरून ठेवलं तर तो होल्डिंगचा गुन्हा, संघ दहा यार्ड मागे. स्नॅपच्या आधी अंग हललं तर पाच यार्ड. म्हणजे थोपवायचं, पण धरायचं नाही. मराठीत या दोन क्रियापदांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढंच तिथल्या नियमात आहे. समोरच्याला उताणं पाडलं की तिकडे त्याला पॅनकेक म्हणतात. तिथे शब्द शोधायचीही गरज नाही. आपल्या तालमीत त्याला अस्मान दाखवणं म्हणतात.

नामासाठी मी दोन जुने शब्द चाचपून पाहिले. 'बिनी' म्हणजे मराठा फौजेची आघाडी, बिनीवाले हे आडनाव त्यातूनच आलं. पण बिनी पुढे धावते आणि हे गडी निम्मा वेळ मागे सरकत खेळतात. दुसरा शब्द 'पाठीराखा', आणि तो मला फार आवडतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला तर चेंडू फेकताना त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती पाठ डावा टॅकल राखतो. बहीण भावाला पाठीराखा म्हणते त्यात हाच भरवसा आहे. मात्र वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी हा शब्द संघाच्या चाहत्यांसाठी वापरून झिजवलाय, त्यामुळे पदाचं नाव म्हणून तो घोटाळा करील. लेखात एकदा, वर्णनाच्या ओघात, तो जरूर वापरा.

माझा कौल 'चढाईफळी' आणि 'चढाईफळीतला गडी' यांना. फळीत ओळही आली आणि एकमेकांना चिकटून उभं राहणंही आलं. 'चढाईपटू' मात्र टाळा, तो चेंडू घेऊन पळणाऱ्याला शोभेल.

जाता जाता, ड्राफ्टला 'मसुदा' लिहिलेलं मी वाचलंय. मसुदा कागदाचा असतो, माणसांची 'निवडफेरी' असते. लिलावही नव्हे, कारण तिथे बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात.

'कारकीर्द' हा तुमचा शब्द ठेवाच. मुळात तो राज्यकारभाराच्या काळाचा, आणि जो थॉमसच्या बाबतीत काळच मोजायचा आहे. धावपटूला यार्ड असतात, झेल घेणाऱ्याला झेल. लाइनमनने किती जणांना थोपवलं याचा अधिकृत आकडा तिथली व्यावसायिक लीग, एनएफएल, ठेवतच नाही. सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून या पाच जागांवरचा कुणीही आजवर निवडला गेलेला नाही. जो थॉमसचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तो हजेरीचा: सलग १०,३६३ स्नॅप. लेखात त्याला 'अखंड' म्हणू नका, 'सलग'च म्हणा. अखंड हरिनाम मध्ये क्षणभरही थांबत नाही. इथे दोन स्नॅपमध्ये दम घ्यायला वेळ असतो, फक्त एकही स्नॅप चुकलेला नाही.

परिच्छेद असा करून बघा, आणि सासूबाईंना पुन्हा वाचून दाखवा:

'जो थॉमस क्लीव्हलँड ब्राउन्सच्या चढाईफळीतला डावा टॅकल. २००७ च्या निवडफेरीत तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात होडीतून मासे धरत होता. त्यानंतर दहा वर्षं क्वार्टरबॅक बदलत राहिले, त्यांचा पाठीराखा बदलला नाही. त्याच्या पहिल्या हंगामात संघ दहा सामने जिंकला आणि सहा हरला, शेवटच्या हंगामात सोळाच्या सोळा हरला. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसी टायटन्सविरुद्ध समोरच्याला थोपवताना त्याच्या डाव्या दंडामागचा स्नायू फाटला आणि तो पहिल्यांदा मैदानाबाहेर गेला. २०१८ च्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती घेतली, २०२३ मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर फुटबॉलपटूंच्या मानाच्या दालनात, त्याचा समावेश झाला.'