कथेची पानं फाडण्याआधी जरा थांबा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. 'ड्रॅगन'चे, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं बनून खेळायच्या खेळाच्या मासिकाचे जुने अंक गठ्ठ्याने हाती लागलेत, त्यातल्या कथा तुमच्या कॅम्पेनच्या, म्हणजे तुम्ही सलग चालवताय त्या खेळाच्या, काहीच कामाच्या नाहीत, म्हणून नियमांची आणि मॉन्स्टरची पानं काढून फाइलला लावणार, बाकीचं रद्दीत, आणि वर सध्या जे मासिक घेता त्यांना 'कथा बंद करा' असं पत्र धाडणार, असं लिहिलंय तुम्ही. मी दोन्ही उद्योग करून बसलोय. त्यामुळे हे माझं वैयक्तिक मत समजा, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

पानं कशी जपायची, प्लॅस्टिकचे कव्हर वगैरे, ते तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

माझं नडलं ते 'ड्रॅगन'मधल्या 'इकॉलॉजी'वाल्या लेखांत, म्हणजे एकेक मॉन्स्टर कसा जगतो ते सांगणाऱ्या. ही मालिका एप्रिल १९८३च्या ७२व्या अंकात पियर्सरपासून सुरू झाली, म्हणजे गुहेच्या छताला दगडासारखा लटकून खालून जाणाऱ्याच्या अंगावर पडणारा तो प्राणी. पुढे त्यातल्या बऱ्याच लेखांची पद्धत अशी की आधी एक छोटी गोष्ट, कुणी म्हातारा जादूगार बडबडतोय, शिकारी फुशारक्या मारतायत, आणि त्या गोष्टीत मधेमधे आकडे, आणि शेवटी त्या आकड्यांच्या तळटीपा, नियम सगळे त्या तळटीपांत. मी शहाण्याने काय केलं, ब्लेड घेऊन बसलो आणि तळटीपांचं पान ठेवलं, गोष्टीची पानं फेकली. चारेक वर्षांनी सेशनच्या आदल्या रात्री फाइल उघडली तर टीप क्रमांक ४ म्हणते 'हे फक्त पूर्ण वाढ झालेल्यांनाच जमतं'. हे म्हणजे काय? ते गोष्टीत होतं ना! पाच खेळाडू दुसऱ्या दिवशी येऊन बसले आणि मी वेळ मारून नेली, अजून त्यावरून चिडवतात.

आणि ब्लेडचं अजून एक, माझ्याकडचे अंक मधोमध पिना मारलेले होते, त्यात डावीकडचं पान कापलं की त्याच कागदाचं उजवीकडचं अर्धं सुटून हातात येतं, म्हणजे १०व्या पानावरची कथा काढायला गेलो की मागचं कुठलंतरी जादूच्या वस्तूंचं पान लोंबकळायला लागतं. शिवाय कथेच्या शेवटच्या पानाच्या पाठीवर पुढच्या लेखाची सुरुवात असायची, ती गेली ती गेलीच. स्कॅनच करायचं असेल तर पिना आतून सरळ करून कागद अख्खा बाहेर काढा, ब्लेड लावूच नका.

आता पत्राबद्दल. मी एका मासिकाला (नाव घेत नाही) तावातावाने लिहिलं होतं की कथा नकोत, नियम द्या. छापील चार ओळींचं उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत', खाली सही पण नाही. नंतर त्यांनी वाचकांचा फॉर्म काढला, त्यात कथा हव्यात की नकोत एवढंच, बरोबर खूण करायला दोन चौकोन. कुठली कथा, का नको, काही विचारलंच नाही. मी आनंदाने 'नकोत'वर खूण केली. कथा गेल्या, आणि त्या पानांवर नियम नाही आले, जाहिराती आल्या! फासे, मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), परत फासे. अजून राग येतो. माझ्या एका खुणेने झालं असं नाही म्हणत मी, पण हातभार लागलाच ना.

आणि 'पूर्वी असं नव्हतं, कथा नंतर घुसवल्या' हे जे तुमच्या पोस्टखाली काही जण म्हणतायत ते चूक आहे. 'ड्रॅगन'च्या जून १९७६च्या पहिल्याच अंकात क्रमशः कथा होती आणि ती या खेळाचे एक जनक खुद्द गायगॅक्स टोपणनावाने लिहीत होते. मार्च १९८४च्या ८३व्या अंकात रेस्टलिन या जादूगाराच्या परीक्षेची कथा आली तेव्हा तो ज्यात आहे त्या ड्रॅगनलान्स मालिकेची पहिली कादंबरी बाजारात यायची होती. म्हणजे ज्याने ती पानं 'कामाची नाहीत' म्हणून उलटली त्याला ते पात्र सगळ्यात आधी भेटायची संधी होती.

याचा अर्थ सगळ्या कथा चांगल्या असं अजिबात नाही हां. काही इतक्या रटाळ की डुलकी लागते, कुणाचं तरी कॅम्पेनच गद्यात उतरवलेलं असतं, प्रत्येक फटका कोण मारतो ते पण सांगतात. अशांवर जरूर टीका करा. फक्त पत्रात नेमकं लिहा, कुठला अंक, कुठली कथा, कुठे कंटाळलात, आणि तिच्यासोबत काय दिलं असतं तर वाचली असती, म्हणजे खलनायकाचे स्टॅट (खेळात वापरायचे आकडे), गावाचा नकाशा, काहीही. 'कथा बंद करा' एवढ्याने संपादकाला पानं विकायला मोकळीकच मिळते.

बाकी गठ्ठा तुमचा, मर्जी तुमची. फक्त फाडायचंच ठरवलंत तर रद्दीत घालण्याआधी मला मेसेज टाका. माझ्याकडे बिनगोष्टीच्या तळटीपांची अख्खी फाइल पडून आहे.