भूक असताना ‘रोज चाला’ म्हणायचं का?

“रोज चाला, मन हलकं होईल असं सगळे सांगतात. पण अंगात त्राणच नसेल तर?” इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) यजमानांची कापड मार्केटातली नोकरी गेलेली, घरात चौघं. झोप नाही, सतत चिडचिड, थकवा.

नैराश्याच्या ९ प्रश्नांच्या चाचणीत त्यांचे गुण बरेच आले (गुण जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त). पण त्यातले झोप, थकवा, भूक आणि एकाग्रतेचे प्रश्न अर्धपोटी माणसालाही लागू पडतात. म्हणून वेगळं विचारावं लागतं: “जेवण जात नाही, की भूक असून ताट बाजूला सारता?” त्या म्हणाल्या, “मुलांचं झालं की उरेल ते. कधी नुसता चहा.”

अशा बाईला पहाटे अर्धा तास चालायला सांगणं चूकच. चक्कर येते, चालणं सुटतं, वर ‘मला एवढंही जमत नाही’ ही खंत. व्यायामाचा गुण खोटा नाही. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचा आढावा आला; चालणं-जॉगिंग, योग आणि ताकदीचे व्यायाम नैराश्यात उपयोगी ठरले. पण आधी पोटात अन्न हवं.

म्हणून पहिलं काम कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानाचं. पात्रता पर्चीत (मध्य प्रदेशात रेशन मिळवून देणारी चिठ्ठी) चौघांपैकी दोघांचीच नावं चालू होती. बाकी दोघांचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेलं. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि आधार घेऊन दुकानातल्या मशीनवर अंगठा दिला, नावं चालू झाली. प्राधान्य कुटुंबाला (रेशनच्या यादीतल्या गरजू घराला) माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं, म्हणजे चौघांचं २० किलो. डाळ-तेल विकतच घ्यावं लागतं, पण गव्हाचे पैसे तिकडे वळवता येतात.

जवळच एक मंडळ किराणा वाटत होतं. काकू गेल्या नाहीत, कारण तिथे फोटो काढत. परदेशातल्या फूड बँकांच्या अभ्यासांतही लाजेपोटी मदत टाळणारी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. देणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, फोटो बंद करा. रेशन तर दान नाहीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. हे नीट कळल्यावर त्यांची मान वर झाली.

चालणं त्यानंतर. दुपारी जेवून तासाभराने १० मिनिटं, आठवड्यातून ४ दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची. घरी खुर्चीवरून हात न टेकता ८ वेळा उठणं-बसणं. ज्या दिवशी जेवण झालं नसेल त्या दिवशी सुट्टी, आणि तिचा अपराधभाव नको. हिमोग्लोबिनही तपासून घेतलं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असेल तर थकव्याचं कारण रक्तातही असू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालणं वाढवू नये, साखर एकदम उतरू शकते.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र रेशन आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.