बारावीनंतर खगोलशास्त्र की खगोलभौतिकी?

देवगडहून बारावी सायन्सच्या मुलीने विचारलंय की आकाशाचं वेड आहे, तर पुढे खगोलशास्त्र घेऊ की खगोलभौतिकी? आणि घरचे म्हणतात, त्यात पोट कसं भरणार?

आत्ता दोन्हीही घेऊ नकोस. बीएससी फिजिक्स घे आणि गणित सोडू नकोस. पीएचडीला प्रवेश देणाऱ्या संस्था तुझं फिजिक्स किती पक्कं आहे ते बघतात, पदवीवर 'खगोल' छापलंय की नाही याने फारसं अडत नाही.

या दोन विषयांत एके काळी भिंत होती. ग्रहताऱ्यांची जागा नि गती एकीकडे, तारा कशाचा बनलाय हा खगोलभौतिकीचा प्रश्न दुसरीकडे. ती कशी पडली याची एक खूण तुझ्या तालुक्यातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' नावाचे ओटे दाखवतात ना, ते १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी जोडलेले आहेत. ग्रहण कधी, कुठे दिसणार याचं गणित आधीच झालं होतं. हे जुनं खगोलशास्त्र. त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, पाहिला. ऑक्टोबरात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ज्वाळांच्या वर्णपटातली पिवळी रेषा तपासली. सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात, ही ५८७.६ ला. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक, पण म्हणजे हे सोडियम नव्हे, आणि त्यातून हेलियम हाती लागला. पृथ्वीवर तो रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला सापडला थेट १८९५ साली. (हेलियमचा शोध विजयदुर्गावरच लागला असं आपल्याकडे सांगतात, ते बरोबर नाही.) आता सांग, ती रेषा मोजणं कुठल्या विषयात घालशील?

खरी निवड पुढे करायची आहे, आणि ती कामाच्या प्रकाराची आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथला डेटा हातात आला की चित्र लगेच दिसत नाही. आधी मोबाईल, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट शोधून काढून टाकायचा, मग कॅलिब्रेशन (उपकरणामुळे आलेल्या चुका दुरुस्त करणं), मग प्रतिमा, आणि बरेचदा पुन्हा पहिल्यापासून. यात ज्याला गोडी वाटते तो निरीक्षणाकडे जातो. समीकरण घेऊन आठवडाभर बसणं ज्याला आवडतं तो सिद्धांताकडे. आणि ज्याचे हात सर्किटकडे, आरशांकडे वळतात त्याने उपकरणांकडे जावं. ही वाट मुलांना कुणी सांगतच नाही. एमएससीचा प्रोजेक्ट करताना आपण यातले कोण ते कळतं.

वाट साधी आहे. आयसर (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) मिळालं तर उत्तम, नाहीतर रत्नागिरीत किंवा मुंबईत बीएससी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएससी, मग पीएचडीसाठी जेस्ट किंवा नेट परीक्षा. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोल-संशोधन संस्था जवळच आहेत. त्यांच्या उन्हाळी प्रकल्पांना एमएससीच्या काळात अर्ज कर.

घरच्यांना स्पष्ट सांग. पीएचडीत जेआरएफचे, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं भत्ता. पण कायमची नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटते, जागाही कमीच. मधेच सोडलंस तरी पायथनमधलं प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि मोठा डेटा हाताळण्याची सवय यांवर दुसरीकडे नोकरी मिळते.

सड्यावर जाऊन तारे बघणं चालू ठेव, मात्र त्यावरून विषय ठरवू नकोस. अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं प्रकाशाचं व्यतिकरण आणि अणूचे वर्णपट उदाहरणांसकट सोडव. रस वाटतोय की कंटाळा येतोय, ते इथे येऊन लिही, मग पुढचं बोलू.