वाचकांचे प्रश्न : गावठाणात घरे वाढवायची, तर नेमका कोणता नियम बदलायचा?

शहराच्या जुन्या भागातल्या बांधकामांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. उत्तरे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीवर (यूडीसीपीआर) आधारलेली आहेत. डिसेंबर २०२० पासून ती लागू आहे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे अधिसूचित क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे तिच्या बाहेर आहेत, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे आकडे वापरू नयेत.

प्रश्न : जुन्या पेठेत आमचा १० × १५ मीटरचा प्लॉट आहे. समोर सहा मीटरचा रस्ता. एफएसआय वाढवून मिळाला तर आठ-दहा फ्लॅट निघतील असे बिल्डर म्हणतो. खरे आहे का? (सातारा)

कागदावर निघतील, जागेवर अवघड आहे. आधी विकास योजनेच्या भाग नकाशावर तुमचा सिटी सर्व्हे नंबर दाट वस्तीच्या (जुन्या गावठाण भागाच्या) हद्दीत येतो का ते पाहा. येत असेल तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.५ मिळतो. त्यावर अधिमूल्य भरून विकत घ्यायचा एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) चढत नाही. १५० चौरस मीटरवर २२५ झाले. बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज यांच्यासाठी निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते, म्हणजे आणखी १३५. एकूण ३६० चौरस मीटर.

आता हे बसवायचे कुठे? पुढे-मागे दीड-दीड आणि बाजूंना एक-एक मीटर सोडला असे धरा. इमारतीला ८ × १२, म्हणजे ९६ चौरस मीटर उरतात. खाली पार्किंग आणि वर चार मजले. मजल्यावर दोन घरे धरली तर आठ फ्लॅट. बिल्डरचा हिशेब इथवर बरोबर आहे. तो अडतो तळमजल्यावर. जिना आणि लिफ्ट मिळून १८-२० चौरस मीटर जातात, खांब आपली जागा घेतात. कारच्या एका खणाला २.५ × ५ मीटर लागतात आणि गाडी आत-बाहेर करायची सोय धरली तर जागा जवळपास दुप्पट लागते. अशा तळमजल्यावर तीन कार बसल्या तर खूप. पार्किंगची गरज एफएसआयवर ठरत नाही, घरांच्या संख्येवर आणि प्रत्येक घराच्या चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर) ठरते. घर जितके लहान तितकी कारची मागणी कमी आणि दुचाकींची जास्त. म्हणून अशा प्लॉटवर ७०-८० चौरस मीटरचे मोठे फ्लॅट काढण्यापेक्षा लहान घरे काढली तर पार्किंगचा हिशेब जुळण्याची शक्यता अधिक.

आर्किटेक्टकडून वरच्या मजल्यांच्या आधी तळमजल्याचा नकाशा मागा. त्यात गाडी वळताना दिसत नसेल तर वरचे सगळे आकडे विसरा.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या चार घरमालकांनी दीड-दीड मीटर जागा सोडायची ठरवली आहे. मग रस्ता नऊ मीटरचा धरून वाढीव एफएसआय मिळेल का? (नाशिक)

चौघांनी सोडून काही होणार नाही. रस्त्याची रुंदी विकास योजनेतून किंवा महापालिकेने ठरवलेल्या रस्तारेषेतून येते. महापालिका क्षेत्रात ही रस्तारेषा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आखली जाते. त्यासाठी जाहीर नोटीस देऊन हरकती घ्याव्या लागतात. रेषा गल्लीच्या पूर्ण लांबीला, दोन्ही टोके रुंद रस्त्याला मिळतील अशी असली पाहिजे. चार घरे मागे आणि बाकीची पुढे, अशाने वापरता येईल असा रस्ता होत नाही.

रेषा मंजूर झाली असे समजू. नऊ मीटरवर दाट वस्तीत मूळ एफएसआय २, अधिमूल्य भरून ०.३ आणि टीडीआर ०.३, एकूण २.६. वरच्याच १० × १५ च्या प्लॉटचे उदाहरण घेऊ. दीड मीटरची पट्टी गेली, १३५ चौरस मीटर उरले. २.६ ने ३५१ होतात, पूरक क्षेत्र धरून साधारण ५६२. पण इमारतीखाली आता ८ × १०.५, म्हणजे ८४ चौरस मीटरच आहेत. ५६२ बसवायला सात मजले आणि खाली पार्किंग लागेल, उंची २४ मीटरच्या घरात जाईल. इमारत उंच झाली की बाजूचे अंतर वाढवावे लागते, अग्निशमनाच्या अटीही कडक होतात. दहा मीटर रुंदीच्या प्लॉटवर ते जमत नाही. त्यामुळे टीडीआर विकत घेण्याआधी आराखडा काढा. मूळ २ वर पूरक क्षेत्रासह ४३२ होतात, म्हणजे पाच मजले. अशा प्लॉटची खरी मर्यादा तिथेच आहे. शेजारचा प्लॉट एकत्र केला तर मधली दोन सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) वाचतात, एकच जिना, एकच लिफ्ट आणि गाड्यांना वळायला जागा मिळते. दोन सख्ख्या शेजाऱ्यांना एकत्र आणणे एफएसआय वाढवण्यापेक्षा कठीण, हे मान्य आहे.

जाणारी पट्टी फुकट जात नाही. तिच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर घेता येतो, आणि दाट वस्तीत टीडीआर दिलेल्या क्षेत्राच्या तिप्पट मिळतो. दाट वस्तीच्या बाहेर तो दुप्पट असतो. ताबा पावती आणि मिळकत पत्रिकेवर महापालिकेचे नाव या दोन गोष्टींविना अर्ज पुढे सरकत नाही.

या मार्गातली मोठी अडचण काळाची आहे. जुनी इमारत उभी आहे तोवर तिच्या समोरची पट्टी सहसा सुटत नाही. नवे बांधकाम होईल तेव्हाच ती मिळते. त्यामुळे कागदावर नऊ मीटर झालेली गल्ली प्रत्यक्षात वर्षानुवर्षे कुठे सहा, कुठे साडेसात राहते आणि तिच्यावर पाच मजली इमारती आधीच उभ्या राहतात. पुण्यात २०२० मध्ये ३२३ रस्ते सहावरून नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाद झाला. रुंदीकरण रहदारीसाठी की टीडीआर चढवण्यासाठी, हा प्रश्न रास्तच होता. आमच्या मते रेषा आखताना एका गल्लीची सगळी घरे किती वर्षांत मागे येतील याचा अंदाज आणि तोवर अग्निशमनाची गाडी कुठे उभी राहील याचा नकाशा ठरावाला जोडलाच पाहिजे.

प्रश्न : वाड्यात अकरा भाडेकरू आहेत. मूळ वाड्याचे बांधकामच १.५ पेक्षा जास्त भरते. पाडला तर कमी बांधायला मिळेल का? (पुणे)

नाही. जुन्या व धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासासाठी यूडीसीपीआरमध्ये कलम ७.६ स्वतंत्र आहे. भाडेकरूंनी व्यापलेल्या इमारतीत त्यांचे पुनर्वसन क्षेत्र आणि त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन क्षेत्र, किंवा नेहमीचा एफएसआय, यांपैकी जे जास्त ते मिळते. सोसायटीच्या इमारतीला जादा क्षेत्राचा वेगळा हिशेब आहे : अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा घरटी १५ चौरस मीटर, जे जास्त ते.

सगळे 'अधिकृत' या शब्दावर अडते. पोटमाळा, मागाहून टाकलेली पत्र्याची खोली, गॅलरी बंद करून केलेले स्वयंपाकघर नियमाने मोजले जात नाही. वाडा पाडण्याआधी जुना मंजूर नकाशा, मिळकत कराचा उतारा, भाडेपावत्या आणि प्रत्येक खोलीची मोजमापे गोळा करा. इमारत पडली की पुरावाही पडला. मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंद आधी करून घ्या. पेठांतले कित्येक प्रकल्प एफएसआयसाठी थांबलेले नाहीत, एका वारसाच्या सहीसाठी थांबले आहेत.

शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असाल तर नव्या बांधकामावर बंदी आहे. पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. यूडीसीपीआर त्याच्या आड येऊ शकत नाही.

प्रश्न : मेट्रो स्थानकाजवळ चार एफएसआय मिळतो म्हणतात. आमचे घर तीनशे मीटरवर आहे. (पिंपरी)

स्थानकापासून ५०० मीटरचा पट्टा धरला आहे हे खरे, पण चार ही कमाल मर्यादा आहे. रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्र हे दोन्ही निकष एकाच वेळी पूर्ण व्हावे लागतात. दोहोंत जे कमी भरते तेवढेच मिळते. लहान प्लॉटवरच्या घराला याचा फायदा जवळजवळ नाही.

प्रश्न : आमच्या शहराच्या मध्यभागी दाट वस्तीचे नियम बदलायचे आहेत. नगरपरिषदेला स्वतः ठराव करून ते करता येईल का? (कऱ्हाड)

ठराव करता येईल, अंमल करता येणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे एफएसआय आणि सामासिक अंतरे हा विकास योजनेचाच भाग आहे. तिच्यात फेरबदल कलम ३७ ने होतो. सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात व इतरत्र सूचना, एक महिना हरकती-सूचना, बाधितांना नोटीस आणि सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजूर करते, बदलून मंजूर करते किंवा नाकारते. फेरबदलाने योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. यावरूनच प्रकरणे न्यायालयात जातात. नियमावली राज्यभर एकच असल्याने शासन स्वतःही कलम ३७ (१ अअ) खाली फेरबदल करते. त्या सूचनांवर हरकती पाठवायला विसरू नका.

'एफएसआय वाढवा' एवढेच लिहिले तर प्रस्ताव कच्चा राहतो. गल्लीनिहाय तक्ता जोडा : आजची रुंदी, प्लॉटची सरासरी रुंदी, घरांची संख्या आणि नियम बदलल्यावर होणारी संख्या. चाळीसची एकशेवीस घरे झाली, घरटी साडेचार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोज ७२,९०० लिटर पाणी लागेल. त्याचे सुमारे ८० टक्के सांडपाण्यात येईल. गल्लीतली जुनी नलिका ते वाहून नेईल का, हे पाणीपुरवठा व जलनिस्सारण अभियंत्याच्या सहीने घ्या. मागणी पार्किंगची अट सैल करणे, प्लॉट एकत्र करणाऱ्यांना जादा क्षेत्र देणे आणि लहान प्लॉटवर शेजाऱ्याच्या संमतीने सामाईक भिंत चालू देणे अशा क्रमाने लिहा, एफएसआयची शेवटी.

हरकतीच्या अर्जात कलमाचा क्रमांक, तुमचा सिटी सर्व्हे नंबर, आजचा मजकूर आणि तुम्हाला हवा तो मजकूर शब्दशः द्या. अर्ज आवक क्रमांकासह दोन प्रतींत द्या आणि सुनावणीला दुसरी प्रत सोबत ठेवा.