'डेड मॅन्स शूज' (२००४) बघण्यासारखा आहे का? त्यात अ‍ॅक्शन कितपत आहे?

बघाच. पण 'अ‍ॅक्शन कितपत' वाचलं आणि आमचे भाऊजी आठवले, म्हणून लिहायला बसलो.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये डर्बीला नोकरीला होतो. भाऊजी पुण्यात जाहिरातपट करतात. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, क्रेन किती फुटांची, यापलीकडे त्यांच्या लेखी सिनेमा नाही. ताईबरोबर आठ दिवस राहायला आले होते. रात्री हौसेने हा सिनेमा लावला, तर अर्ध्या तासात म्हणाले, "अरे, हे काय गॅदरिंगसाठी शूट केलंय का?" मी सांगितलं, बजेटच जेमतेम सात लाख पाउंडांच्या आसपासचं होतं. "तेच म्हणतोय मी," म्हणाले आणि झोपायला गेले.

मला झोप लागेना. सकाळी दोघांना गाडीत बसवून मॅटलॉकला नेलं. सिनेमा तिथलाच आहे, डर्बीहून रेल्वेने अर्धा-पाऊण तास. डोंगर, नदी, दगडी घरं, बागेत आइस्क्रीम खाणारी पोरं. भाऊजी म्हणाले, "एवढ्या गोड गावात कोण कुणाचा मुडदा पाडणार?"

अहो, तेच तर! लंडनच्या अंधाऱ्या गल्लीत खून झाला तर आपण पॉपकॉर्न खात बघतो. इथे हिरव्यागार गावातली चार-सहा भुरटी गर्दवाली पोरं, सगळ्यांत मिळून एक सिट्रोएन गाडीचं डबडं, आणि त्यांनी करमणूक म्हणून छळलेला एक मतिमंद मुलगा. त्याचा थोरला भाऊ सैन्यातून परत येतो आणि लपतछपत नाही, तोंडावर सांगतो की मीच करतोय हे सगळं. तो झालाय पॅडी कॉन्सिडाइन. दिग्दर्शक शेन मेडोज त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त, लेखनातही दोघं आहेत. त्या माणसाची नजर बघा, क्रेन कशाला हवी? बजेट दहापट असतं तर कुणीतरी पाठलाग घातला असता, पाऊस घातला असता आणि वाट लावली असती.

शेवट जिथे घडतो तो रायबर कॅसल वर टेकडीवर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका गिरणीमालकाने राहायला बांधलेला वाडा. ताई खाली बागेतच बसली. भाऊजी धापा टाकत वर आले, कुंपणाबाहेरून चाळीसेक फोटो काढले आणि म्हणाले, "लोकेशन भारी आहे रे." म्हटलं, मग आज उरलेला सिनेमा बघू. तर नाही! आजतागायत पाहिलेला नाही. आणि लग्नकार्यात सगळ्यांना सांगतात, याने आम्हाला लंडन सोडून एका टेकडीवर चढवलं. ज्याने शेवट पाहिला नाही त्याने या सिनेमावर बोलू नये, कारण सगळा सिनेमा शेवटाच्या दहा मिनिटांत उलटतो. त्याहून जास्त सांगत नाही.

अ‍ॅक्शन म्हणाल तर कुऱ्हाड आहे, गॅस मास्क आहे, हाणामारीचा नाच नाही. आणि हो, शिव्या, ड्रग्ज आणि त्या मुलाचा छळ बघवत नाही, घरच्यांसमोर लावू नका. सबटायटल मात्र लावा, मिडलँड्सचे, म्हणजे मध्य इंग्लंडमधले उच्चार पहिल्या फटक्यात कळत नाहीत. भाऊजींनी तीही लावू दिली नव्हती. फ्रेम खराब होते म्हणे.