पटावर नको, बाकांवर मोज

प्रिय मुली,

परवा फोनवर म्हणालीस, "सर, आमच्या शाळेचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण नियमात बसतं, मग मलाच वर्ग का आवरत नाही?" राग आला मला. तुझा नाही, तुला असं बोलायला लावणाऱ्या कागदाचा. गोवंडीत रुजू होऊन वर्ष झालं नाही नि आतापासून स्वतःत खोट शोधतेस!

हिशेब नीट बघ. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3, 120 पर्यंत 4. हे अख्ख्या शाळेचं, वर्गाचं नव्हे. समज, पहिलीत 44, दुसरीत 36, तिसरीत 24, चौथीत 16. बेरीज 120, शिक्षक 4, एकास तीस. कागद खूश! पहिलीच्या बाईंपुढे मात्र 44च. त्यात दुसरीच्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या (कलम 27 मध्ये त्याला सूट आहेच) की एका खोलीत 80. म्हणून म्हणतो, बाकांवरची मुलं मोज.

पस्तीस मिनिटांच्या तासात 60 मुलं म्हणजे एकेकाला 35 सेकंद. 'इ' आणि 'ड'मध्ये गोंधळणाऱ्या पोराचा हात धरून एकदा गिरवून घे, बघ तेवढ्यात होतं का. त्याची पाटी बघेपर्यंत मागच्या बाकावर मारामारी जुंपलेली असते. यात तुझं कौशल्य कुठे कमी पडलं?

शहराचंही तेच. गिरगाव-परळच्या मराठी शाळांत बाक रिकामे, गोवंडी-मालवणीत पाय ठेवायला जागा नाही. सरासरी काढली की दोन्ही गुडूप. आणि तिकडचे अतिरिक्त मराठी शिक्षक इकडच्या उर्दूच्या वर्गावर कसे पाठवणार? संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर. दिवाळीनंतर नाव घातलेलं पोर त्या वर्षी हिशेबातच नाही. बाकावर मात्र असतं. मोज त्याला.

मी रोज वहीत लिहायचो: तारीख, समोर बसलेली मुलं, त्या दिवशी शाळेत हजर शिक्षक. स्टाफरूममध्ये मला 'तलाठी' म्हणायचे. मुख्याध्यापकपद हुकलं, त्याचं मला काही वाटत नाही. (थोडं वाटतं.) पण वहीवरूनच शिक्षक मिळाला, हे कुणी नाकारू शकत नाही. तो आला तोवर माझी पोरं मात्र पुढच्या वर्गात गेली होती. त्याची चडफड अजून आहे. म्हणून तुला घाई करतोय.

"वरिष्ठांना वाईट वाटेल" वगैरे मला ऐकवू नकोस. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रिकामी नकोत, हे त्याच कायद्याचं कलम 26 सांगतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय?

शाळा व्यवस्थापन समितीची सभा मंगळवारी आहे ना? तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. भाषण नको, गाऱ्हाणं नको. महिन्याभराचे आकडे वाचून दाखव नि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नकोस. सहीची प्रत लगेच मागून घे, नंतर सापडत नाही.

तुझा,
सर