फोंडा घाटातलं भांडण

‘मुलं जरा मोठी होईपर्यंत कुठे जायलाच नको असं वाटतं. प्रवास म्हणजे शिक्षा झालीय नुसती.’ गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या तोंडावर हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. म्हणणारी बहुतेकदा आई असते. शेजारी बसलेले बाबा त्यावर म्हणतात, ‘एवढं काही नसतं. आमच्या लहानपणी आम्ही एसटीच्या टपावरच्या सामानासारखे जायचो.’ आणि मग पुढचं भांडण माझ्यासमोरच होतं.

श्रुती आणि निखिल असेच आले होते. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) राहायला पुण्यात, निखिलचं मूळ गाव कणकवलीजवळ. मुलगी ओवी सव्वातीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. निखिलची तक्रार एका ओळीची होती, ‘हिला माझ्या गावी यायचंच नसतं.’ श्रुतीची त्याहून लहान, ‘गावाचं काही नाही. गाडीत बसायचं नाही मला.’

मी दोघांना वेगवेगळं बसवून मागच्या चतुर्थीचा प्रवास सांगायला लावला, दार लावल्यापासून गावातल्या खळ्यात गाडी उभी राहीपर्यंत. हे मी बरेचदा करते. एकाच गाडीतून गेलेली दोन माणसं दोन निराळ्या प्रवासांना गेलेली असतात. निखिलच्या सांगण्यात खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे सगळे टोलनाके होते, कुठे किती वेळ गेला ते होतं, पावसातला रस्ता होता. श्रुतीच्या सांगण्यात एकही गाव नव्हतं. त्यात दोन उलट्या, ओल्या कपड्यांची पिशवी, सीटखाली गेलेलं बाटलीचं झाकण आणि सासूबाईंचे फोन होते. ‘खंय पोचलंस?’ सासूबाई दर तासाने विचारत, तेही मायेनेच. पण त्या फोननंतर निखिलचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होई आणि मागच्या सीटवर कोणी रडलं की त्याचा आवाज चढे.

घडलेलं असं. सकाळी सहाला निघायचं ठरलं, निघाले पावणेनऊला. बॅगा, औषधं, दूध, डबे, डायपर हे सगळं श्रुतीकडे होतं. निखिलकडे हवा आणि पेट्रोल. कोल्हापूरला पोहोचले तेव्हा दीड वाजला होता. रोज एक वाजता झोपणारी ओवी जागीच होती. निखिलला तांबडा-पांढरा खायचाच होता, हॉटेलात गर्दी, पाऊण तास थांबावं लागलं. ओवीने तिथल्या फरशीवर लोळण घेतली. नंतर तिने थोडं तळलेलं, थोडं गोड असं वाट्टेल ते खाल्लं. गाडीत शांत बसावी म्हणून हातात मोबाइल मिळाला आणि त्याच अवस्थेत गाडी राधानगरीवरून फोंडा घाटाला लागली. व्हायचं ते झालं. ‘जरा धरता येत नाही का तिला? पिशवी तरी पुढे करायची!’ हे निखिलचं वाक्य. त्यानंतर श्रुती गावी गेलीच नव्हती.

उलटीचं आधी सांगते, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. गाडी वळली, खाली गेली, दचकली की ते मेंदूला कळवतं. डोळे मात्र मोबाइलच्या पडद्यावर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतील, तर ते सांगतात की काहीच हललेलं नाही. या परस्परविरोधी निरोपांतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो, दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त. म्हणूनच तान्हा मजेत आणि ओवी बेजार, हे चित्र नेहमीचं आहे. ‘सवय नाही, लाडावलीय’ वगैरे काही नाही. घाटात डोळ्यांसमोरून पडदा काढायचा, काचेतून लांबचं दिसेल असं बसवायचं, खिडकीची फट उघडायची, घाटाआधी पोट गच्च भरू द्यायचं नाही आणि अगदी रिकामंही ठेवायचं नाही. दोन राजगिऱ्याच्या वड्या, मूठभर चुरमुरे पुरतात. मूल झोपलं असेल तर उत्तमच. उलटी थांबवणारं औषध मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. काही मुलं त्याने गुंगतात, काही उलट चेकाळतात.

आणि एक गोष्ट मी निखिलला मुद्दाम सांगितली. गाडी चालवणाऱ्याला जवळजवळ कधीच मळमळत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळलेलं असतं. त्यामुळे ‘मला तर काही होत नाही’ हे त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

दुसऱ्या भेटीत श्रुती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘उलटीचं जाऊ दे. हॉटेलात ओवी लोळत होती तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आजकालच्या आयांना मुलं सांभाळता येत नाहीत. हा तेव्हा काउंटरवर होता.’ निखिल चटकन म्हणाला, ‘बिल द्यायचंच होतं ना!’

बिल द्यायचं होतंच. पण चारचौघांत मूल ओरडायला लागलं की घरातला एक मोठा माणूस काहीतरी कामाला निघून जातो आणि दुसरा एकटा सगळ्या नजरा झेलतो, हे मी इतक्या जोडप्यांकडून ऐकलं आहे की मला तो योगायोग वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाचा आक्रस्ताळेपणा बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतो. झोप आली आहे, भूक आहे, ओळखीचं काहीच दिसत नाही, आणि हे सांगायला शब्द पुरे पडत नाहीत, एवढंच असतं. त्याला समजावून उपयोग नसतो, चापट मारून तर नाहीच. उचलून जरा निवांत कोपऱ्यात न्यावं, शेजारी बसावं, कमी बोलावं. ते जमायला मात्र मोठ्या माणसाच्या पाठीशी कुणीतरी उभं लागतं. शेजारच्या बाईंना उत्तर देण्याचीही गरज नसते. नवरा नुसता जवळ येऊन उभा राहिला तरी त्या बाई पुन्हा जेवायला लागतात.

मी त्यांना युक्त्यांची यादी दिली नाही. पुढच्या वेळी जागा बदला, एवढंच सुचवलं. श्रुतीकडे परवाना होता, ती शहरात गाडी चालवायची, हायवेवर कधी घेतली नव्हती. निखिलच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याला हे आवडलेलं नाही. ‘घाट मात्र मीच,’ तो म्हणाला. ठीक आहे, घाट तूच.

बाकीचं त्यांनी स्वतःच ठरवलं, मी फक्त मध्ये मध्ये टोकत होते. सामान भरणं निखिलकडे गेलं, आदल्या रात्रीच गाडीत ठेवायचं. त्याचा विचार रात्रीच निघायचा होता, मुलं झोपलेली असतात म्हणून. मी स्पष्ट नको म्हटलं. मुलं झोपतात हे खरं, पण दिवसभर काम करून रात्रभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचेही डोळे मिटतात. आणि मुलं सकाळी ताजीतवानी उठतात तेव्हा त्यांना सांभाळायला जागं कुणीच उरत नाही. पहाटे पाचला निघायचं ठरलं. मुलांना अंथरुणातून उचलून गाडीत ठेवायचं, ती साताऱ्यापर्यंत झोपतील. ओवीच्या झोपेच्या वेळेला गाडी घाटात असेल असं गणित केलं, आणि जेवण घाट उतरल्यावर. कोल्हापुरात हॉटेलऐवजी रंकाळ्यावर तासभर नुसतं पळू द्यायचं. तांबडा-पांढऱ्याचा बळी गेला, त्याचं मलाही थोडं वाईट वाटलं.

ओवीचं एक मळकं दुपटं होतं, त्याचं टोक गालाला लावल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मागच्या वेळी ‘गावी सगळ्यांसमोर ते चिंधूक कशाला’ म्हणून ते घरीच ठेवलं होतं. ते न्यायचं, तेही न धुता. त्या वासातच मुलाला घर सापडतं.

तान्ह्याचा प्रश्न अवघड होता, कारण तो आतापर्यंत आईच्या मांडीवर जायचा. इथे मी मऊ बोलत नाही. गाडी कशावर आदळली तर कोणतीही आई मांडीवरचं मूल धरून ठेवू शकत नाही, आणि पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर मांडीवर बाळ घेणं तर सर्वांत घातक. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १,००० रुपये दंडही आहे. पण दंड हे कारण नव्हेच. मागच्या सीटवर, तोंड मागच्या बाजूला करून बसवायची सीट घ्या, प्रवासाआधी आठ-पंधरा दिवस रोज जवळच्या फेऱ्यांना त्यात बसवा, आणि दर दोनेक तासांनी गाडी थांबवून बाळाला बाहेर काढा. आधी रडतो. मग बसतो.

खाण्याचं एकच बजावलं. धावत्या गाडीत लहान मुलाला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. घशात अडकलं तर पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मोबाइलबद्दल लोक माझ्याकडून कडक उत्तराची अपेक्षा करतात. घाटात नको, ते मळमळीमुळे. एरवी सरळ रस्त्यावर अर्धा तास दिला तर आईबाबांनी अपराधी वाटून घेऊ नये.

आणि सासूबाईंचा फोन. तो निखिलने आधीच करायचा होता. ‘आई, संध्याकाळपर्यंत येतो. वाटेत मीच फोन करीन, तू जेवून घे.’ हे वाक्य श्रुतीने सांगितलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता, म्हणून मुलानेच सांगायचं. शिवाय गावी पोहोचल्यावर पहिला तासभर ओवीला कुणाच्या मांडीवर ढकलायचं नाही, ‘आत्याला पापी दे’ नाही. ती आपणहून जाईल तेव्हा जाईल.

चतुर्थीनंतर दोघं पुन्हा आले. साताऱ्याला नाश्ता करून श्रुतीने गाडी हातात घेतली आणि निखिल मागे दोन मुलांच्या मध्ये बसला. राधानगरीच्या रस्त्यावर बाळाची बाटली खाली पडली, ती शोधायला तो वाकला आणि दोन-तीन वळणांत त्याच्याच पोटात ढवळलं. हे सांगताना तो हसत होता, पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते श्रुतीने सांगितलेलं. कागलकडून येणारे ट्रक, उजवीकडून घुसणारा मोटरसायकलवाला, मागे ओवीचा टिपेचा सूर, आणि ती ओरडली, ‘अरे, गप्प कर ना तिला जरा!’ हुबेहूब निखिलसारखी. ‘मला वाटायचं हा स्वभावानेच तसा आहे,’ ती म्हणाली.

ओवीला तरीही एकदा उलटी झालीच, घाट उतरून झाल्यावर. पिशवी निखिलच्या खिशात होती. एकूण प्रवासाला मागच्यापेक्षा दीड तास जास्त लागला आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. रात्रीचा प्रवास असेल तर तो बर्थ घ्याच. सहा वर्षांचं मूल एका बर्थवर आईच्या पायाशी झोपवून वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीत जातात. एसटीने तान्ह्याला घेऊन एकटीने जाणाऱ्या आईने मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष विचारावा, तो दूध पाजण्यासाठीच असतो. आणि क्षारसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट जवळ ठेवलं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात अख्खं घालायचं. पेल्यात चिमूट-चिमूट नाही, कमी पाण्यात तर मुळीच नाही. प्रवास संपल्यावरही उलट्या चालू राहिल्या, मूल मलूल पडलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

श्रुतीला मी पहिल्याच भेटीत झोपेबद्दल, भुकेबद्दल, एकटी असताना रडू येतं का याबद्दल विचारलं होतं. बाळ वर्षाच्या आतलं असलं की मी ते प्रत्येक आईला विचारते. तिचं तसं काही नव्हतं, ती फक्त दमलेली आणि रागावलेली होती. पण ‘प्रवास नको वाटतो’ म्हणून आलेल्या काही आयांना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचीही धास्ती वाटत असते, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसते, आणि घरच्यांना ते ‘आळस’ वाटतं. तसं असेल तर गावी जायचं की नाही हा प्रश्न तूर्त ठेवून द्यावा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत. आईने एकटीने यायची वाट न पाहता घरातल्या कुणीतरी तिला घेऊन यावं.